साठवलं हे चुकलं का?

गेल्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवताना काय अनुभव येतोय ते कळवा म्हणून. आणि बापरे, एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी माझ्या नेहमीच्या विमा-बिम्याच्या प्रश्नांना यावेळी सुट्टीच दिली. सगळी काही छापता येत नाहीत, सात घेतलीत. घरच्या पैशाच्या गोष्टी आहेत म्हणून नावं गाळलीयेत.

प्रश्न: ताई, मी भोसरीत एका कंपनीत आहे, पगार वर्षाला ७ लाख ५२ हजार. बायको घरी असते. मुलगा झाला तेव्हापासून पोटाला चिमटा काढून ९ लाखांची एफडी केलीये. यंदा त्याला सीईटीवर, कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, ट्यूशन फी १ लाख ४० हजार. आम्ही ओपनमधले, ईबीसीत अर्धी फी माफ होईल असं धरून चाललो होतो. उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो तर एफडीचं व्याज ६३ हजार मिळवून उत्पन्न झालं ८ लाख १५ हजार आणि सगळं गेलं. माझ्याच डिपार्टमेंटला एक जण आहे, पगार माझ्याएवढाच, त्याने मागच्या वर्षी कर्जावर मोठी गाडी घेतली, त्याच्या मुलाची अर्धी फी माफ झाली. माझं काय चुकलं?
(एक वाचक, भोसरी)

उत्तर: दादा, तुमचं काही चुकलं नाही आणि त्या काउंटरवरच्या माणसाचंही नाही, चूक नियम लिहिणाऱ्याची आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो तिची मर्यादा ८ लाख आहे, आणि ती कुटुंबाच्या सगळ्या उत्पन्नाची आहे, नुसत्या पगाराची नाही. आता तुमचा हिशोब मी पाठकोऱ्या कागदावर मांडला. मर्यादेच्या वर गेलात १५ हजारांनी, गमावले ७० हजार. म्हणजे वर्षभराचं सगळं व्याज ६३ हजार सरकारला दिलं असतंत तरी पदरचे ७ हजार जास्तीचेच गेले! एफडी नसतीच तर तुम्ही फायद्यात होता. तुमच्या मित्राने गाडी घेतली, गाडी काही उत्पन्न देत नाही, म्हणून दाखल्यात ती दिसत नाही. खर्च केला की दिसत नाही आणि साठवलं की लगेच दिसतं, असा हा सगळा मामला आहे.

याला पायऱ्याच नाहीत हो, थेट तानाजी कडा. ८ लाखांपर्यंत अर्धी फी माफ आणि त्यावर एक रुपया झाला तर शून्य. बरं, सरकारला पायऱ्या बांधता येत नाहीत असंही नाही. इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, पण १२ लाख १० हजार झाले तर एकदम साठ-बासष्ट हजार कर लागत नाही, वरच्या १० हजारांएवढाच लागतो, त्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. दिल्लीत बसून हे सुचतं तर मुंबईत बसून का सुचू नये? ८ ते ९ लाखांमध्ये सवलत हळूहळू कमी करत आणता येते. मर्यादा ८ लाख झाली २०१७ ला, त्यानंतर पगार वाढले, फी तर वाढलीच वाढली, आकडा तिथेच.

यंदाचं गेलं ते गेलं. पण ही सवलत दरवर्षी नव्याने बघितली जाते, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी हातात गोष्टी आहेत. पहिली म्हणजे फी तुम्हाला भरायचीच आहे तर ती एफडीतूनच भरा, सव्वादोन लाख मोडले की व्याज पंधरा-सोळा हजारांनी कमी होतं, तुमचे १५ हजारच तर कमी व्हायचेत. दुसरी, क्युम्युलेटिव्ह एफडीवाल्यांनी लक्षात ठेवा, व्याज हातात शेवटी येतं पण बँक ते दरवर्षी दाखवते, इन्कम टॅक्सच्या साइटवर आपलं वार्षिक विवरण उघडून बघा. म्युच्युअल फंडाच्या ग्रोथ प्रकारात विकेपर्यंत उत्पन्न दिसत नाही हे खरं, पण पुढच्या वर्षी लागणारी फी शेअर बाजारात टाकायची नाही, हे मी २६ वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून सांगत आलेय आणि विकल्याच्या वर्षी सगळा फायदा एकदम दिसतो तो वेगळाच.

आणि एफडी लपवू नका. पॅनला सगळं जोडलेलं आहे.

प्रश्न: पगार १४ लाख, ६ लाखांची एफडी आहे, मुलीची फी पण साधारण तेवढीच. एजंट म्हणतो एफडीला हात लावू नका, एज्युकेशन लोन काढा, व्याजावर टॅक्स वाचतो. काय करू?
(हडपसर)

उत्तर: एजंटचं वाक्य जुनं झालंय. एज्युकेशन लोनच्या व्याजाची वजावट, जिला आपण ८० ई म्हणत आलो, तिला वरची मर्यादा नाही आणि आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ती नाही, आणि २०२३-२४ पासून नवीनच आपोआप लागू होते, जुनी हवी तर मुद्दाम सांगावं लागतं. तुम्ही नव्यात असाल तर बघा, ६ लाखांवर ७ टक्क्यांनी व्याज ४२ हजार, त्यातले साडेसहा हजार करात जाणार, हातात पस्तीसेक. तेवढंच कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलंत तर व्याज ६३ हजार. वर्षाला २७-२८ हजारांचा खड्डा, आणि तो सुद्धा 'आपली एफडी आहे' या समाधानासाठी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि बाकीची मोडा.

एक मात्र बोलून दाखवते. धोरणं बघितली तर सगळा कल कर्ज काढणाऱ्याकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, ठरावीक नामांकित संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण चालू असताना १० लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात ३ टक्के सूट. चांगली योजना आहे, गरज असेल त्याने घ्यावीच. पण बारा वर्षं आरडी भरणाऱ्या आईला नव्या पद्धतीत काय आहे? ८० सी, म्हणजे दीड लाखापर्यंतच्या बचतीची वजावट, ती गेली, त्यात मुलांची ट्यूशन फी धरता यायची ती पण गेली. तसा तो दीड लाखाचा आकडासुद्धा २०१४ पासून हललेला नव्हता.

प्रश्न: स. न. वि. वि. वय ७६, निवृत्त शिक्षक. (१) नातवाच्या (वय ९) नावे पाच लाखांची ठेव पावती केली आहे. मुलगा म्हणतो त्याचे व्याज त्याच्या उत्पन्नात धरले जाते. पैसे माझे, नाव नातवाचे, कर मुलाला, हे कोणते शास्त्र? (२) नातीचे (वय ६) सुकन्या खाते मी पालक म्हणून उघडले होते. पोस्टात सांगितले की ते वडिलांच्या नावे वर्ग करा. का? (३) आपल्या गेल्या अंकातील लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. यादी सोबत जोडली आहे.
(सदाशिव पेठ)

उत्तर: आजोबा, यादी मिळाली, दोन चुका मान्य, तिसरी मुद्रितशोधकांची.

एक नंबर: मुलगा बरोबर सांगतोय. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. जुन्या पद्धतीत मुलामागे १५०० रुपयांची सूट आहे, हो, पंधराशेच, त्यात आता एक दप्तर धड येत नाही, आणि नव्या पद्धतीत तेवढीही नाही. त्यापेक्षा पावती स्वतःच्या नावावर ठेवा. ज्येष्ठांना एका बँकेत वर्षाला १ लाख व्याजापर्यंत टीडीएस कापत नाहीत, एप्रिल २०२५ पासून, आधी ५० हजार होतं. वेळ आली की फी तुम्हीच भरा. आजोबांनी नातवाला दिलेल्या पैशावर कर नाही. पावतीवर नॉमिनी लावलाय ना तेवढं बघा.

दोन नंबर: १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम कडक झालाय, आजी-आजोबांनी उघडलेलं खातं आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावे करावं लागतं. करून टाका, नाहीतर पुढे पैसे काढताना अडेल. पैसे तुम्ही भरत राहा, पोस्टाला चालतं. आणि सुकन्या सोडू नका. २०२४ च्या सुरुवातीला तिचा दर ८.२ टक्के झाला, व्याज करमुक्त, नव्या पद्धतीत फक्त भरलेल्या पैशाची वजावट गेली, व्याजाची माफी आहेच. दहावी झाली किंवा १८ पूर्ण झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. तशी ही योजना २०१५ ला सुरू झाली तेव्हा ९.१ टक्के होती, तेही सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही पुढच्या पत्रात मला सांगायला नको.

तुमच्या नातवाला हे काहीच नाही, त्याला पीपीएफ. ७.१ टक्के, एप्रिल २०२० पासून तिथेच खिळलंय. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्के होती, म्हणजे त्या महिन्यात साठवलेला रुपया साठवल्या जागी झिजत होता.

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, नीटची तयारी. क्लासची फी दीड लाख सांगितली म्हणून तेवढे जमवले, पावती आली १ लाख ७७ हजारांची. २७ हजार जीएसटी! शिक्षणावर जीएसटी नाही असं ऐकलं होतं ना?
(एक आई, धायरी)

उत्तर: शाळा-कॉलेजच्या फीवर नाही, क्लासवर आहे, १८ टक्के. सरकारच्या लेखी क्लास म्हणजे शिक्षण नाही, ती एक सेवा आहे. आता गंमत अशी की परीक्षा सरकारचीच, आणि त्या परीक्षेला क्लासशिवाय कोण बसतंय सांगा, कितीतरी मुलं तर ज्युनिअर कॉलेजचा चेहरा प्रॅक्टिकललाच बघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबरवरचा जीएसटी शून्य झाला, छान झालं. मी जूनमध्ये भाचीबरोबर अप्पा बळवंत चौकात गेले होते, पिशवीभर वह्या घेतल्या, पूर्वीच्या १२ टक्क्यांच्या हिशोबाने शंभरेक रुपये वाचले असतील, त्याचा रस प्यायलो दोघी. तुमच्या २७ हजारांत तसल्या किती पिशव्या बसतील ते तुम्हीच बघा.

एक करता येतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर क्लासला जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे घरगुती क्लास घेणाऱ्या सरांकडे हा १८ टक्क्यांचा भुर्दंड नसतो. आणि कोणी लावला तर पावतीवर जीएसटी नंबर आहे का बघा, नंबर नाही आणि कर घेतलाय असं असेल तर पैसे परत मागा, लाजू नका.

प्रश्न: मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या एफडीचं व्याज १ लाख, त्यावर ३० हजार कर आणि त्या करावर १२०० रुपये 'शिक्षण' उपकर. मुलांच्या शिक्षणासाठी साठवतोय म्हणून शिक्षणासाठी दंड भरतोय, बरोबर समजलोय ना मी?
(औंध)

उत्तर: बरोबर समजलायत, फक्त आता त्यात आरोग्यपण आहे. २००४ ला २ टक्के शिक्षण उपकर आला, २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी अजून १ टक्का, २०१८ पासून दोन्ही मोडून आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के. त्या माध्यमिक-उच्च शिक्षणाच्या एका टक्क्यासाठी वेगळा कोष काढायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ऑगस्ट २०१७ मध्ये. वसुली सुरू झाल्यावर दहा वर्षांनी! आपण भिशी काढली आणि दहा वर्षांनी डबा आणला असं झालं.

आणि दुसरं जे कोणी सांगत नाही, उपकरात राज्यांना वाटा नसतो. इन्कम टॅक्समधला हिस्सा राज्यांकडे येतो, उपकराचा येत नाही. शाळा आणि बहुतेक कॉलेजं चालवायची राज्याने आणि शिक्षणाच्या नावाने गोळा केलेला पैसा मात्र केंद्राकडे. मग राज्याचा हात आखडला की ते कुठे निघतं? फीमध्ये. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, पुण्याच्या चारी बाजूंना जी कॉलेजं दिसतात ती त्यानंतरची. जागा वाढल्या, पूर्वी ज्यांना शिकता आलं नसतं ती मुलं शिकली, हे मी नाकारत नाही. पण विनाअनुदानित म्हणजे खर्च विद्यार्थ्याच्या फीतून, शुल्क नियामक प्राधिकरण आहे, २०१५ चा कायदा आहे, पण ते कॉलेजने दाखवलेला खर्च तपासून फी ठरवतं, खर्च वाढला की फी वाढते. सरकारी संस्थांचंही काही वेगळं राहिलं नाही. आयआयटीची बीटेकची फी २०१६ ला वर्षाला ९० हजारांवरून एकदम २ लाख झाली. तिथे १ लाखाच्या आतल्यांना पूर्ण माफी, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. म्हणजे तिथेही कडा आहेच, ५ लाखांचा. आणि २०१७ पासून हेफा नावाची कंपनी काढून संस्थांना इमारतींसाठी अनुदानाच्या जागी कर्ज द्यायला लागले, ते संस्थेने आपल्या कमाईतून फेडायचं. संस्थेची कमाई म्हणजे कोणाचा खिसा, ते तुम्ही ३० टक्केवाले आहात, तुम्हाला कळेल.

प्रश्न: मुलगा मास्टर्सला जर्मनीला चाललाय. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे ज्यात आधी ठेवावे लागतात ते खातं) ११,९०४ युरो पाठवायचेत. बँक म्हणते टीसीएस लागेल, पण शेजाऱ्यांच्या मुलीला लागला नाही.
(कोथरूड)

उत्तर: शेजाऱ्यांनी बहुतेक कर्ज काढलं असणार. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या एज्युकेशन लोनमधून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस नाही, स्वतःच्या बचतीतून पाठवलेत तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर आहे. परत तेच, उसने आणले तर या बसा आणि साठवलेले असले तर थांबा जरा. पण घाबरू नका, हा कर नाही, आगाऊ कापलेले पैसे आहेत, रिटर्नमध्ये परत मिळतात, पगारदार असाल तर ऑफिसात सांगून पगाराच्या टीडीएसमधून वळतेही करून घेता येतात. सोपी वाट म्हणजे ही १० लाखांची मर्यादा माणशी आहे, थोडे तुम्ही पाठवा, थोडे त्याच्या आईने तिच्या खात्यातून पाठवावेत. किंवा काही मार्चमध्ये, काही एप्रिलमध्ये.

प्रश्न: मावशी, मी बारावीत आहे. बाबांचा पगार ७ लाख ८० हजार आणि ८ लाखांची एफडी आहे. मुलींना पूर्ण फी माफ आहे पण एफडीमुळे आम्ही बसत नाही. बाबा म्हणतात एफडी आजीच्या नावावर करू. आई म्हणते अजिबात नाही. रोज भांडणं होतात आणि मला वाटतं माझ्यामुळेच.
(नाव देऊ नका, सिंहगड रोड)

उत्तर: बाळा, तुझ्यामुळे नाही गं. आधी तुझ्या उपयोगाचं सांगते. जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमाला ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधून हवी. मॅनेजमेंट कोटा किंवा अभिमत विद्यापीठ घेतलंस तर हे मिळत नाही, फॉर्म भरताना आधी ते बघ.

आता बाबांचं. स्वतःच्या आईला पैसे दिले तर त्यावर कर नाही, आणि त्याचं व्याज बाबांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, आजीचंच धरतात. बायकोच्या नावावर केलं तर मात्र मिळवतात. म्हणजे बाबा म्हणतात ते कायद्यात बसतं, पण दिले म्हणजे दिले. व्याज आजीच्या खात्यात यायचं आणि एटीएम कार्ड बाबांच्या खिशात असलं चालणार नाही, ते खोटं झालं.

आणि आईसुद्धा उगाच नाही म्हणत नाहीये. मी बँकेत असताना एकदा दोघं भाऊ आणि एक बहीण काउंटरवर आले होते, आईला जाऊन महिना झालेला. थोरल्याच्या हातात बिस्किटाचा डबा, त्यात पावत्या, रबर लावून. पैसे त्याने स्वतःच्या मुलीसाठी आईच्या नावावर ठेवले होते, नॉमिनी पण तोच, आणि त्याला वाटत होतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं, नॉमिनीने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात, मृत्युपत्र नसेल तर सगळ्या वारसांना. धाकटा काही बोलला नाही. बहीण म्हणाली, माझ्या हिश्श्याचं काय ते इथेच सांग. तो डबा काउंटरवर तसाच उघडा होता आणि मागे रांग.

तेव्हा तुला काका, आत्या असतील तर करायचं असल्यास आजीचं मृत्युपत्र त्याच आठवड्यात करून घ्या, दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प पेपर लागत नाही. नाहीतर सरळ सव्वापाच लाखांच्या आसपास एफडी मोडून जिथे व्याजाचा त्रास नाही तिथे वळवा, पीपीएफमध्ये वर्षाला दीडच लाख टाकता येतात, म्हणजे सगळे एका वर्षात बसणार नाहीत, पण तुमचं व्याज २० हजारांच्या आत आलं की झालं, आणि ७ टक्क्यांनी ते पावणेतीन लाखांच्या आसपास एफडी राहिली की होतं. बाबांना हे पान दाखव.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रात बाबा काय म्हणतात आणि आई काय म्हणते ते सगळं आहे, आजी काय म्हणते ते कुठेच नाहीये. तिला विचारलंय का कुणी?